अश्वशक्तीचा हप्ता

दिवाळीचा फराळ संपायच्या आत लातूर-नांदेडच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या दिसू लागतात. मांजरेच्या काठाने, रेणापूरच्या बाजूला, तिकडे नांदेडात अर्धापूर पट्ट्यात गाळपाची लगबग सुरू होते. अलीकडे या लगबगीत कोयत्यांच्या टोळ्यांच्या जोडीला एक अवाढव्य यंत्र नजरेत भरतं. कागदोपत्री ते ऊसतोडणी यंत्र, गावात मात्र सगळे त्याला हार्वेस्टरच म्हणतात. विलासराव देशमुखांनी उभ्या केलेल्या मांजरा कारखान्याने आणि त्याच्या परिवारातल्या इतर कारखान्यांनी यंत्राने ऊसतोडणी करण्यावर विशेष जोर दिला, त्यामुळे लातूर जिल्ह्यात त्याची नवलाई आता उरलेली नाही.

तरी ते फडात चालताना जवळून बघण्यासारखंच असतं. पुढचे दोन पीळदार उभे रूळ लोळलेला ऊस उचलून सरळ करतात. उंच दांडीवरचं पातं वाढे उडवतं. खाली जमिनीलगत फिरणाऱ्या तबकड्यांची पाती बुंधा छाटतात, आतले रूळ ऊस ओढून घेतात, त्याच्या वीतभर टिपऱ्या होतात, मोठा पंखा पाचट बाहेर फेकतो आणि टिपऱ्या मागच्या उंच पट्ट्यावरून शेजारी चालणाऱ्या ट्रॉलीत पडत राहतात. एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवसभर राबून दोन-अडीच टन ऊस तोडते. हे यंत्र चांगल्या रानात शंभर-सव्वाशे टन सहज उरकतं. त्यासाठी आपल्याकडच्या अनेक यंत्रांत पावणेदोनशे अश्वशक्तीच्या आसपासचं इंजिन असतं. एक चांगली बैलजोडी साधारण एक अश्वशक्तीचं काम करते. म्हणजे पावणेदोनशे बैलजोड्या एकाच वेळी एका सरीत जुंपल्या, आणि त्यांचा कासरा एका पोराच्या हातात दिला.

ही ताकद मिरवायला छान वाटते. फेटा बांधून, नारळ फोडून, हार घालून यंत्र गावात येतं, त्याची मिरवणूक निघते. त्या दिवशी कोणी पुढचा हिशेब मांडत नाही. म्हणून तो इथे मांडतो.

यंत्राची आणि त्याच्याबरोबर लागणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची मिळून किंमत समजा १ कोटी २० लाख धरली. राज्य शासनाने २०२३ साली राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून या यंत्रांसाठी अनुदान जाहीर केलं: किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यातलं जे कमी असेल ते. किमान २० टक्के रक्कम मालकाने स्वतः घालायची, उरलेलं कर्ज. आपल्या उदाहरणात २४ लाख घरचे आणि ९६ लाख कर्जाचे. ११ टक्के व्याजाने पाच वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे २ लाख ९ हजारांचा हप्ता बसतो, वर्षाला २५ लाख.

आता मिळकत. हंगाम १०० दिवस चालला, रोज सरासरी १२० टन तोडणी झाली आणि टनाला ५०० रुपये मिळाले असं धरू. एकूण ६० लाख. ऐकायला भरपूर वाटतात. पण पावणेदोनशे अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण भाराखाली ताशी तीसएक लिटर डिझेल पिऊ शकतं. रोजच्या कामात भार कमी-जास्त होतो म्हणून सरासरी अठरा लिटर धरलं, आणि बाजूच्या ट्रॅक्टरांचं मिळवलं, तरी दिवसाला अडीचशे लिटरच्या वर जातं. हंगामाचं डिझेल २४ लाखांच्या घरात. चालक, मदतनीस आणि ट्रॅक्टरवाले यांचे ७ लाख. पाती, पट्टे, होज, बेअरिंग, तेल यांचे ८ लाख. विमा दीड लाख. हाती राहिले १९-२० लाख आणि हप्ता आहे २५ लाखांचा.

रोजची तोडणी दीडशे टनांवर नेली आणि हंगाम १२० दिवस चालला, तर हेच यंत्र हप्ता भरून दहा-अकरा लाख मागे टाकतं. हंगाम ८० दिवसांतच आटोपला तर तेवढेच लाख अंगावर येतात. यंत्र तेच असतं, मालकही तेवढाच कष्टाळू असतो. फरक फक्त दिवसांचा पडतो, आणि ते दिवस ठरवतात पाऊस, कारखाना आणि उसाची उपलब्धता. यातलं काहीच मालकाच्या हातात नाही. २०२३-२४ च्या हंगामात महाराष्ट्रात सुमारे ११० लाख टन साखर झाली होती, २०२४-२५ मध्ये ती ८० लाख टनांच्या आसपास आली. गाळप उशिरा सुरू झालं आणि बहुतेक ठिकाणी लवकर संपलं. बँकेच्या वहीत मात्र वर्ष बारा महिन्यांचंच राहिलं.

अनुदानाचं गणितही नीट समजून घ्यायला हवं. पैसे आधी मिळत नाहीत. यंत्र घ्यायचं, तपासणी व्हायची, मग रक्कम कर्जखात्यात यायची. ३५ लाख वेळेवर आले तर वर्षाचा हप्ता २५ लाखांवरून १६ लाखांवर येतो आणि सरासरी हंगामातही यंत्र तगतं. तेच पैसे लांबले तर लांबलेल्या प्रत्येक वर्षाला नऊ लाखांचा खड्डा पडतो. म्हणून माझं स्पष्ट मत असं आहे, की अनुदान गृहीत धरून यंत्र घेऊ नये. अनुदानाशिवाय हिशेब जमत असेल तरच त्या वाटेला जावं.

यात शेतकऱ्याचाही वाटा असतो आणि तो सहसा बोलला जात नाही. यंत्राला सरीत चार-पाच फुटांचं अंतर लागतं. आपल्याकडे अजून कितीतरी रानं तीन फुटांच्या सरीवर उभी आहेत, आणि तिथे यंत्र शिरलं की शेजारच्या ओळीचं खोड तुडवलं जातं, पुढचा खोडवा मार खातो. यंत्राच्या उसात पाचट जास्त जातं म्हणून कारखाने वजनात साडेचार-पाच टक्क्यांच्या आसपास वजावट करतात. आपल्या भारी काळ्या रानात ओल असताना काही टनांचं धूड आणि त्याच्या मागे भरलेली ट्रॉली फिरली, की माती अशी दबते की पुढच्या नांगरटीला जास्त ताकदीचा ट्रॅक्टर लागतो. एका यंत्राच्या ताकदीची भरपाई करायला दुसऱ्याची ताकद विकत घ्यावी लागते.

मग लोक यंत्राकडे वळतात तरी का? कारण मजूर मिळत नाहीत. मुकादमाला दिलेली उचल बुडते, टोळ्या वेळेवर येत नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये कोयत्याच्या तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाला. ज्या बाया पहाटे चारला उठून, कडेवर लेकरू घेऊन फडात उतरतात, त्यांना तो दर त्याआधीच मिळायला हवा होता. त्यांचं ते जिणं यंत्रामुळे संपणार असेल तर मी यंत्राच्या बाजूने आहे. पण ज्यांची कोयत्याची कामं जातील त्यांनी काय करायचं, याचा खर्च कोणत्याच यंत्राच्या किमतीत धरलेला नसतो.

पैशाचं झालं. आता जिवाचं.

हार्वेस्टरमध्ये तेलाच्या दाबावर सगळे अवयव हलतात. रबरी होजमधून जाणारं ते तेल इतक्या दाबाखाली असतं, की होजला सुईच्या टोकाएवढं छिद्र पडलं तरी तिथून निघणारी धार कातडी भेदून आत घुसते. बाहेरून फक्त बारीक टोचल्यासारखं दिसतं, दुखतही नाही फारसं, आणि माणूस घरी जातो. काही तासांत आतलं मांस सडायला लागतं. अशा जखमेला त्याच दिवशी शस्त्रक्रिया लागते, नाहीतर बोट किंवा हात काढावा लागतो. गळती हाताने चाचपायची नसते, पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघायची असते. ही एवढी गोष्ट प्रत्येक चालकाला माहीत असायला हवी, पण यंत्र विकताना ती कोणी बसून सांगत नाही. दुसरा धोका आगीचा. तापलेलं इंजिन, सांडलेलं तेल आणि फेब्रुवारी-मार्चमधलं कोरडं पाचट एकत्र आलं की यंत्र आणि फड दोन्ही जातात. तिसरा धोका डोक्यावरचा. मागचा पट्टा उंच उभा असतो आणि शेतातून गेलेल्या विजेच्या तारा झोळासारख्या लोंबलेल्या असतात.

पण हार्वेस्टर घेणारे थोडे. ट्रॅक्टर मात्र घरटी झाले आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, किमती उतरल्या, आणि पस्तीस-चाळीस अश्वशक्तीवर भागणारी माणसं पन्नास-साठची चौकशी करू लागली. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातली सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास आहे. तेवढ्या रानाला नांगरट, रोटाव्हेटर, पेरणी सगळं धरून वर्षाला ट्रॅक्टरचं काम किती तासांचं? वीस-पंचवीस. ट्रॅक्टर परवडायचा तर तो वर्षाला हजार तासांच्या आसपास चालावा असं साधारण मानतात. मधले साडेनऊशेहून जास्त तास भाड्याच्या कामातून भरून काढायचे असतात, आणि गावात ट्रॅक्टर दोनाचे वीस झाले की भाडं कोणाकडून मिळणार? तीन हप्ते थकले की फायनान्सवाले ट्रॅक्टर ओढून नेतात. ज्या दारात गुढीपाडव्याला त्याची पूजा झाली, त्याच दारातून तो ओढून नेताना उभं राहणं किती जड जातं, ते मराठवाड्यातल्या बऱ्याच घरांनी पाहिलं आहे.

जास्त ताकद आली की ओढायचं वजनही वाढतं. मागे दोन ट्रॉल्या, त्यावर कडेला लोंबणारा ऊस, ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नाहीत. चढावर जोर लावला की ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात. मागे उलटणाऱ्या ट्रॅक्टरचा तोल पाऊण सेकंदात हाताबाहेर जातो. चालकाला काय होतंय हे कळून त्याचा पाय क्लचवर जायलाच साधारण तेवढा वेळ लागतो, म्हणजे कळेपर्यंत सगळं आटोपलेलं असतं. हीच पुढची चाकं मुद्दाम उचलून मोबाइलवर रील करणारी पोरं दिसली की माझ्या पोटात गोळा येतो. शाबासकी देणाऱ्यांपैकी एकानेही त्यांना हा पाऊण सेकंद सांगितलेला नसतो.

यावरचा उपाय जुना आणि साधा आहे. चालकाच्या मागे मजबूत लोखंडी चौकट आणि कमरेला पट्टा. ट्रॅक्टर उलटला तरी चौकट जमिनीला टेकते आणि माणूस चिरडत नाही. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरांना ही चौकट सक्तीची केली आणि पुढच्या काही दशकांत तिथले ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू जवळजवळ थांबले. आपल्याकडे त्या जागी कापडी छत, झुंबरं आणि मोठ्या आवाजाचे स्पीकर बसवलेले दिसतात. आणखी एक बारीक गोष्ट. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात, शेतात वळताना त्यांचा उपयोग होतो. रस्त्यावर आल्यावर दोन्ही पायटे खिटीने जोडायचे असतात. खिटी न लावता जोरात ब्रेक मारला तर एकच चाक अडतं आणि भरधाव ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. कितीतरी ट्रॅक्टरांची ही खिटी केव्हाच हरवलेली असते.

४ एप्रिल २०२५ ची सकाळ नांदेड जिल्हा विसरणार नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या बाया हळद काढायला नांदेड तालुक्यातल्या आलेगावच्या शिवारात निघाल्या होत्या. त्यांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत गेला. सात जणी बुडून गेल्या, तिघांना वाचवता आलं. विहिरीत पाणी एवढं होतं की ट्रॅक्टर दिसतही नव्हता, ते उपसायला काही तास लागले. पंतप्रधान निधीतून प्रत्येकी दोन लाख आणि राज्याकडून पाच लाख जाहीर झाले.

या अपघाताबद्दल तेव्हा पुष्कळ बोललं गेलं, पण बाया ट्रॉलीत का बसल्या होत्या हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. शेतमजूर बाईला कामावर जायला दुसरी सोयच नसते. एसटी शिवारात जात नाही. मालक ट्रॅक्टर पाठवतो, ट्रॉली उघडी असते, बाजूच्या फळ्या गुडघ्याएवढ्या, आणि ‘बसा की, काय होतंय’ म्हणत सगळ्या दाटीवाटीने बसतात. शेतातल्या विहिरींना कठडे नसतात, बांधाची माती पावसाने भुसभुशीत झालेली असते, आणि विहिरीच्या कडेपासून किती अंतरावरून चाक न्यायचं हे पन्नास अश्वशक्तीच्या यंत्रावर बसलेल्या माणसाला कोणी शिकवलेलं नसतं.

ट्रॅक्टरच्या मागे फिरणारा दांडा, ज्याला सगळे पीटीओ म्हणतात, त्याच्याबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण याने किती घरं बसली आहेत ते मोजायलाही कोणी बसत नाही. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो, सेकंदाला नऊ. त्याच्या सांध्याचा घेर साधारण एक फूट धरला तर सेकंदाला नऊ फूट कापड तो स्वतःभोवती गुंडाळतो. पाचवारी साडी दोन सेकंदांत, नऊवारी तीन सेकंदांत. उपरणं, मफलर, सैल बाही यांचा प्रश्नच नाही. बैल अडचण जाणवली की थबकतो. पीटीओला अडचण म्हणून काही नसतंच, कारण माणसाच्या शरीराचा अडसर पन्नास अश्वशक्तीपुढे जाणवण्याइतकाही नसतो. त्या दांड्यावर कारखान्यातून प्लॅस्टिकचं कव्हर येतं. ग्रीस भरायला अडचण होते म्हणून ते पहिल्याच हंगामात काढून गोठ्यात फेकलं जातं.

सोयाबीनच्या सुगीत मळणी यंत्राचं तसंच. यासाठी देशात १९८३ चा धोकादायक यंत्रे नियमन कायदा आहे. भारतीय मानकाप्रमाणे मळणी यंत्राच्या तोंडाला किमान ९०० मिलिमीटर लांबीचं घमेलं, म्हणजे पेंढी सारायचा नळा, असायला हवा आणि त्याचा निम्मा भाग वरून झाकलेला हवा. कारण सरळ आहे: माणसाचा हात तेवढ्या लांब पोचत नाही. हा नळा आखूड असला की काम जलद होतं, म्हणून तो कापला जातो. त्यात बोटं किंवा हात गमावणारा माणूस बहुतेक वेळा रोजंदारीवरचा असतो, यंत्राचा मालक नसतो.

यंत्राच्या ताकदीचा मोह जमिनीखालीही नेतो, आणि लातूरची ओळख सांगताना बोअरच्या गाड्या विसरता येत नाहीत. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, पाच लाख लिटर पाणी घेऊन. त्याच उन्हाळ्यात तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडहून आलेल्या अजस्र कंप्रेसरच्या गाड्या रात्रंदिवस सातशे, आठशे, हजार फूट भोकं पाडत होत्या. राज्याचा भूजल कायदा अधिसूचित क्षेत्रात ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई करतो, म्हणजे दोनशे फुटांच्या खाली जायचंच नाही. पण यंत्र हजार फूट जाऊ शकतं म्हटल्यावर माणूस थांबत नाही. दर फुटावर असतो, पाणी लागो न लागो पैसे द्यायचेच, आणि लागलंच तर ते वर आणायला दहा-बारा अश्वशक्तीची मोटार, तिचं वीजबिल, तिची जळकी वायंडिंग. खोल बोअरने शेजारचा उथळ बोअर आटतो, मग शेजारी आणखी खोल जातो. ज्याच्याकडे पैसे संपतात तो मागे राहतो.

यंत्रांच्या या सगळ्या अपघातांत भरपाईचं काय? ट्रॅक्टरचा विमा साधारणतः चालकापुरता आणि बाहेरच्या माणसापुरता असतो. मडगार्डवर किंवा ट्रॉलीत बसलेल्या माणसासाठी विमा कंपनी जबाबदारी नाकारते, वर्षानुवर्षं कोर्टात जातात, आणि शेवटी रक्कम मालकाच्या सातबाऱ्यावर येऊन बसू शकते. एका अपघातात मजुराचं घर जातं आणि मालकाची जमीनही. राज्याची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे: मृत्यू आला किंवा दोन अवयव गेले तर दोन लाख, एक गेला तर एक लाख. ही चांगली योजना आहे, पण ती सातबारा असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एकाला लागू होते. सातबारा नसलेली मजूर बाई, जी त्याच ट्रॉलीत बसते आणि त्याच मळणी यंत्रात पेंढी सारते, ती या योजनेच्या बाहेर राहते. हे बदलायला हवं, आणि सुगी सुरू होण्याआधी बदलायला हवं.

ज्यांच्याकडे यंत्र आहे त्यांनी या हंगामात तरी काही गोष्टी कराव्यात. पीटीओचं फेकलेलं कव्हर शोधून परत बसवावं, नसेल तर दुकानातून घ्यावं. ब्रेकची खिटी लावावी. ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर चिकटवावेत, ट्रॉलीची स्वतंत्र नोंदणी करावी. ज्यांना वर्षातून वीस-पंचवीस तासांचंच काम आहे त्यांनी शेतकरी उत्पादक कंपनीच्या किंवा अवजार बँकेच्या यंत्राचं भाडं विचारून बघावं, म्हणजे हप्ता आणि व्याज दोन्ही दुसऱ्याच्या वहीत राहतं.

आणि मजुरांना शेतात नेणाऱ्यांनी एक हिशेब करावा. दहा बायांना नेण्या-आणण्यासाठी गावातली जीप दिवसाला एक हजार रुपयांत ठरली, तर माणशी शंभर रुपये पडतात. एक एकर हळद काढायला किती बाया, किती दिवस लागतात ते प्रत्येक बागायतदाराला तोंडपाठ असतं. डिझेल, बेणं, खत, शिजवणी, पॉलिश या सगळ्याच्या खर्चाशेजारी हे शंभर रुपये मांडावेत, आणि ते मजुरीतून न कापता मजुरीच्या वर द्यावेत. वसमत, अर्धापूर, नांदेडच्या पट्ट्यात फेब्रुवारीत हळदीची काढणी सुरू होईल. त्याआधी गावागावात एवढं ठरलं, तर पुढच्या एप्रिलमध्ये कोणत्याही गुंजच्या बायांना उघड्या ट्रॉलीत बसून दुसऱ्या शिवारात जावं लागणार नाही.